हाकेला येणाऱ्या पाली

कुडाळ स्टेशन जवळ आलं आणि गाडीत रातकिडे सुटले.

मागच्या सीटवरच्या, पालींच्या खाऊच्या डब्याचं झाकण वैजयंती कुबल यांनी धड लावलंच नव्हतं. गाडी स्वतःची स्वतः चालत होती, तरी त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. गाडी मधूनमधून नम्रपणे सांगत होती की हात काढलेत तरी चालेल. वैजयंतीबाई तिला ‘गप गो’ म्हणत होत्या आणि शेजारी बसलेल्या लेकीला अंड्यांच्या तापमानाबद्दल सांगत होत्या.

“आई, माझ्या मानेवर काहीतरी चढतंय.”

“रातकिडा असेल. चिरडू नकोस हं. कॅल्शियमच्या पुडीत घोळवलेत आजच.”

“म्हणजे आता माझी मानपण घोळवली गेली.”

“बरंच झालं. तुझी हाडं बघ आधी. तर मी काय सांगत होते, एक अंश वर गेला की सगळ्या माद्याच निघतात...”

मृण्मयीने मानेवरचा किडा चिमटीत धरून डब्यात टाकला. ती चौतीस वर्षांची होती. पुण्यात शाळेची पुस्तकं संपादित करायची. दिवस दुसऱ्यांची वाक्यं सरळ करण्यात जायचा आणि रात्र वाचण्यात. तीन दिवसांची रजा काढून ती वेंगुर्ल्याला आली होती, आणि त्या तीन दिवसांत आईच्या तोंडून पालींखेरीज दुसरा विषय निघाला तो एकदाच, गॅसच्या शेगडीचा. शेगडी पेटत नव्हती. तीही पालींच्या खोलीतलीच निघाली.

स्टेशनवर आई रेल्वेच्या खिडकीपाशी उभी राहिली.

“पुढच्या आठवड्यात पहिली तुकडी बेटावर सोडायची. तू असायला हवी होतीस.”

“मग तीन दिवसांत एकदा तरी बोलायचंस. आता मी गाडीत बसलेय.”

“हो, तेही खरंच,” आई म्हणाली, आणि तेवढ्यात तिचं लक्ष स्वतःच्या पदराकडे गेलं. तिथे एक रातकिडा बसला होता. त्याला पकडायला ती खाली वाकली, तो उडाला, ती फलाटावर दोन पावलं त्याच्यामागे गेली. गाडी सुटली तेव्हा तिची पाठ मृण्मयीकडे होती.

“कमाल आहे,” मृण्मयी समोरच्या अनोळखी बाईंना म्हणाली. त्या बाई समजूतदारपणे हसल्या. त्यांनाही आई असावी.

दोन दिवसांनी सकाळी वैजयंतीबाई पालींच्या खोलीत पडलेल्या सापडल्या. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टरांनी सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मृण्मयी ते तसंच सांगत राहिली. ते वाक्य तिला पाठ झालं, पण कळलं मात्र नाही. दहाव्याला कावळा लवकर शिवला. आत्या म्हणाली, “काही इच्छा राहिली नव्हती तिची.” मृण्मयीला हसू आलं. इच्छा कशी राहील? पाली सोडायचं ठरलं होतं, आणि आईच्या पाली-संवर्धन केंद्राने ठरल्या दिवशी सोडल्याही होत्या.

*

उंडीबेट वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून दिसतं ते एखाद्या पालथ्या घातलेल्या टोपासारखं. माथ्यावर उंडीची झाडं, बाकी काळा कातळ. त्या कातळाच्या फटींत उंडीपाल राहायची. बोटाएवढी, राखाडी, शेपटीखाली हळदीचा रंग. जगात दुसरीकडे कुठे नाही.

मृण्मयी नऊ वर्षांची असताना एक मालवाहू बार्ज त्या बेटावर आपटून फुटला आणि त्यातले उंदीर किनाऱ्याला लागले. उंदीर अंडी खातो, पिल्लू खातो, झोपलेली पालही खातो. दोन पावसाळ्यांत बेट रिकामं झालं. उरलेल्या अकरा पाली वैजयंतीबाईंनी धुतल्या फडक्याच्या पिशव्यांतून आणल्या. तेव्हा त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होत्या. नवरा आधीच मस्कतला जाऊन तिकडचाच झाला होता. अंगावर पाल पडली की डोक्यावरून आंघोळ करणाऱ्या गावात त्यांनी पाली वाढवायला घेतल्या. राहत्या घरातच केंद्र झालं, सरकारी पाटी लागली, अकराच्या चारशे झाल्या. बेटावरचे उंदीर संपवायलाच वीसेक वर्षं गेली. बेट मोकळं झालं आणि बाई गेल्या.

एप्रिलमध्ये डॉक्टर ओंकार तेलींचा फोन आला. ते आईचे विद्यार्थी, आता केंद्राचे प्रमुख. मृण्मयी त्यांना लहानपणापासून दादा म्हणायची.

“मृण्मयी, एक परवानगी हवी होती. बाईंच्या आवाजाची.”

“कशाची?”

“आवाजाची. खोलीत देखरेखीचे मायक्रोफोन आहेत ना, त्यात बाईंचं वर्षानुवर्षांचं बोलणं आहे. त्यावरून यंत्र आवाजाची प्रत करतं. कायद्याने तो आवाज आता तुझा.”

“ओंकारदादा, जाहिरातीला हवाय का?”

“नाही गं. पालींना घाबरवायला.”

मृण्मयीने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा कानाला लावला. “परत सांग.”

ओंकारने परत सांगितलं. तो एखादी गोष्ट कधीही थोडक्यात सांगत नसे. पहिल्या तुकडीतल्या निम्म्या पाली महिन्याभरात गेल्या होत्या. उंदरांनी नाही, उपासमारीने नाही. माणसं मोजायला गेली, आपसात बोलू लागली, आणि रात्री हिंडणाऱ्या त्या पाली भर उन्हात फटींतून बाहेर आल्या. माणसांच्या पायांपाशी येऊन थांबल्या. घारींना आणि कावळ्यांना आणखी काय हवं?

“मग माणसं जाऊ देऊ नका.”

“वर्षातून एकदा बेटावरच्या देवाला मान द्यायला अख्खा किनारा जातो. बायका, पोरं, गजाली. ती रीत बंद करा म्हणणारा अजून जन्मायचाय. पालींनीच लांब राहायला शिकायला हवं. दुसरी तुकडी आगोटीच्या आत सोडायचीय, पावसाळ्यात होडी जात नाही. आणि ही तुकडीही वाया गेली तर वरून स्पष्ट सांगितलंय, परवानगी संपली. मग राहतील उरलेल्या सगळ्या पेट्यांत. कायमच्या.”

“नाही,” मृण्मयी म्हणाली. “आईच्या आवाजाने कुणाला घाबरवायचं नाही.” तिने फोन ठेवला आणि पुढचा तासभर सातवीच्या पुस्तकातलं एकच वाक्य सरळ करत बसली. ते सरळ होईना. शेवटी तिने गाडीचं तिकीट काढलं. आई गेली तरी मागे काम लावूनच गेली होती.

*

पालींच्या खोलीत मंद प्रकाश होता आणि ओल्या मातीचा वास. भिंतीला लागून सागवानी मांडणी, तिच्यावर ओळीने काचेच्या पेट्या. दारावर आईच्या अक्षरातली पाटी : ‘आत बोलू नये.’

“हा नियम बाईंचा,” हर्षदाकाकी कुजबुजली. हर्षदा तांडेल पहिल्यापासून केंद्रात होती. रातकिडे पाळायची, पेट्या साफ करायची आणि आईशी भांडायची. “सगळ्यांक लागू. एक सोडून.”

“कोण एक?”

“आणि कोण! तुझी आवस.”

हे मृण्मयीसकट खोलीतल्या कुणाला नवं नव्हतं, फक्त कागदावर कुठे नव्हतं. संध्याकाळी अंगणात कोंबड्यांना बोलवावं तशी वैजयंतीबाई पालींना बोलवायच्या. मांडणीवर कोपर टेकायच्या, ‘या गो बायांनो, या’ म्हणायच्या, आणि मग दिवसभराच्या तक्रारी सांगत रातकिडे सोडायच्या. नियम माणसांसाठी होता. पाली त्यांच्या घरच्या होत्या.

ओंकारने मृण्मयीला बाजूच्या खोलीत बसवून समजावलं. पालीला हवेतला आवाज ऐकू येतो तसा जमिनीतलाही येतो. तिच्या आतल्या कानात तोल सांभाळणारी एक बारीकशी पिशवी असते. लाकडातून, दगडातून येणारी मंद कंपनं तिला तिथे कळतात. बाई कोपर टेकून बोलायच्या तेव्हा त्यांचं बोलणं छातीच्या पिंजऱ्यातून, हातातून मांडणीत उतरायचं. पेटीतल्या पालीला ते पायाखाली लागायचं.

“त्या आवाजाला जी पाल आधी बाहेर यायची तिला जास्त रातकिडे मिळायचे. जी जास्त खायची ती जास्त अंडी घालायची. बुजरी पाल फटीत बसून राहायची, तिची अंडी कमी. असं पिढ्यान्‌पिढ्या. लांडग्याचा कुत्रा झाला तो असाच झाला असणार. कुणी ठरवून निवड केली नाही. भूक निवडत गेली.”

“पण आईला हे कळायला नको होतं? शिकवायची ती हेच.”

“वर्गात शिकवायच्या,” ओंकार म्हणाला. “आता बाई गेल्यावर अंड्यातून निघालेली पिल्लंही येतात. ज्यांनी त्यांना कधी ऐकलं नाही ती. बाईंनी पाली वाचवल्या, मृण्मयी, आणि वाचवता वाचवता पाळीव करून ठेवल्या.”

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आणि सांगताना ओशाळला. घाबरवण्याचे प्रयोग त्याने आधी स्वतःच्या आवाजावर केले होते. तो बोलायचा, पाली यायच्या, वरून घारीच्या आकाराची फळी सरकायची आणि पंख्याचा झोत बसायचा. चार दिवसांत पाली शिकल्या.

“मग झालं की.”

“काय झालं? माणूस वाईट हे नाही शिकल्या. ओंकार वाईट, एवढंच शिकल्या. हर्षदाकाकीने आवाज दिला की पुन्हा आल्याच.”

“शहाणी आसत पोरां,” दारातून हर्षदाकाकी म्हणाली.

“त्यांच्या लेखी माणूस म्हणजे मुळात बाई. आम्ही सगळे बाईंच्या फिक्या नकला. नकलेची भीती नकलेपुरती राहते. मुळाची भीती बसली तरच ती सगळीकडे पसरेल. म्हणून तो आवाज हवाय.”

मग त्याने यंत्र लावलं. भिंतीवरच्या कर्ण्यातून आई बोलली, “या गो बायांनो, या. तुमचे जेवण तयार आहे.”

मृण्मयीच्या अंगावर काटा आला, पण तो टिकला नाही. “‘तुमचे जेवण तयार आहे’? आई असलं वाक्य जन्मात बोलली नसती. हे आमच्या दुसरीच्या पुस्तकातलं आहे.”

काचेपलीकडे पालींनी डोकी वर केली आणि खाली घातली. एकही आली नाही.

“हे असं होतं,” ओंकार म्हणाला. “मांडणीला कंपक, म्हणजे लाकूड थरथरवणारी चकती, बसवून पाहिला. पण मायक्रोफोनने हवेतला आवाज टिपलाय. हाडांतून लाकडात काय उतरायचं त्याची नोंदच नाही. यंत्र तेवढं अंदाजाने भरतं, आणि पालींना तो अंदाज पटत नाही.”

“म्हणजे ते चालत नाही हे तुला ठाऊक होतं?”

“अजून सुधारणा...”

“ज्या परवानगीचा उपयोग नाही ती मागायला तू मला फोन केलास? मला वाटलं, मी नाही म्हटलं म्हणून काहीतरी अडलंय! रजा टाकून, रात्रभर बसून आले मी.” मृण्मयी उठून पालींच्या खोलीत गेली आणि तिने मांडणीवर हात आपटून तिथेच टेकवला. “तुम्हा दोघांचंही तेच! तिचं आणि तुझं! समोरच्या माणसाला आधी सगळं सांगायचं नाही, आणि मग तो चिडला की पालींच्या कानाबद्दल सांगत बसायचं!”

“मृण्मयी,” ओंकार अगदी हळू म्हणाला. “पेट्यांकडे बघ.”

पाली बाहेर आल्या होत्या. वरच्या ओळीत, खालच्या ओळीत, प्रत्येक पेटीत काचेला पाय चिकटवून, माना उंच करून. मृण्मयीने हात उचलला. त्यांनी माना किंचित वाकड्या केल्या आणि वाट पाहत राहिल्या.

“आवशीचो आवाज,” हर्षदाकाकी म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला.

*

आता यंत्राऐवजी मृण्मयीनेच बोलून पालींना घाबरवावं असं ओंकारने सुचवलं, आणि संध्याकाळी हर्षदाकाकीकडे जेवताना त्यावरून भांडण झालं. सुरमई चांगली झाली होती, तेवढं एक बरं.

“तू ह्यां करूचा नाय,” काकी म्हणाली. “बाईन पोटच्या पोरांसारखी वाढवली. आणि तू तिच्याच आवाजान तेंका भियाक शिकवतलंस?”

“काकी, पोटची पोर मी होते.”

“तां माका ठाऊक नाय काय?”

“आणि पाली खाल्ल्या जातायत, त्याचं काय?”

“दोन खाल्ल्यो, चार रवतल्यो. पण बाईक जगात आठवण ठेवणारा दुसरा कोण आसा? तू पुण्याक. मी म्हातारी. ओंकारचा लक्ष यंत्रात.” काकीने तिच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली, रागाने. “ह्या पालींनी तिचो आवाज धरून ठेवलोसा. तो पण मोडतलंस?”

मृण्मयीने खूप पुस्तकं वाचली होती, आणि त्यांतल्या सगळ्या शोकाकुल मुलींना अशा वेळी खिडकीबाहेर बघायला समुद्र असायचा. इथेही होता. पण समुद्राकडे पाहून काहीच उलगडेना. उलट चीड वाढली. तिला आईवर रागवायचं होतं आणि लोक तिला आईची राखणदार करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओंकारला म्हणाली, “मला बेट दाखव.”

होडी कातळाला लागेपर्यंत ऊन चढलं होतं. तिच्या मनात होतं की ओंकार वाढवून सांगत असणार. शास्त्रज्ञाला आपली भीती आवडते. ती कातळावर चढली आणि पाय सरकला तशी वैतागून म्हणाली, “अरे, इथे पायरी तरी करायची एखादी! आईसुद्धा इथूनच चढायची का?”

कातळाच्या फटीतून एक पाल बाहेर आली.

ती थेट उन्हात आली. काळ्या दगडावर राखाडी पाल लपली असती, पण ती लपत नव्हती. मान वर करून, गळ्याची कातडी भराभर हलवत ती मृण्मयीच्या बुटाच्या टोकापाशी येऊन थांबली. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या उन्हाने सुईएवढ्या झाल्या होत्या. तिला बहुधा काही दिसतही नव्हतं. तरी ती आली होती.

“जा,” मृण्मयी म्हणाली. “जा ना! आत जा!”

पाल आणखी जवळ आली. बुटावर चढली.

घारीने झडप घातली असंही म्हणता येणार नाही. घार खाली आली आणि भाजीच्या पाटीतली जुडी उचलावी तशी पालीला उचलून घेऊन गेली. मृण्मयीच्या बुटावर शेपटीचा तुकडा राहिला. तो काही वेळ वळवळत होता, हळदीची बाजू वर करून.

“तू बोललीस म्हणून नाही,” ओंकार घाईघाईने म्हणाला. “माझ्या आवाजालाही...”

“गप्प बस ना रे!”

बाजूच्या फटीतून आणखी एक डोकं बाहेर आलं. मृण्मयीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं आणि तशीच होडीपर्यंत गेली. धक्क्यावर उतरल्यावर म्हणाली, “कधी करायचं?”

*

हर्षदाकाकीला सांगितलं तेव्हा तिने हातातली रातकिड्यांची बादली खाली ठेवली. “मी नाय बघूचंय,” म्हणाली आणि घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सरावाच्या खोलीत दुपारसारखा लख्ख उजेड केला होता. बेटावरून आणलेले काळे दगड रचले होते आणि त्यांना लाकडी चौकट होती. दुसऱ्या तुकडीतल्या पाली दगडांच्या फटींत होत्या. वर छताला घारीच्या आकाराची फळी. ओंकार काचेमागे बसला.

“कोपर चौकटीवर टेकव,” कर्ण्यातून त्याचा आवाज आला. “काहीही बोल, फक्त थांबू नकोस. आणि वैतागून बोललीस तर जास्त जुळतं.”

“त्यासाठी मला वेगळा प्रयत्न करावा लागणार नाही.”

तिने सातवीच्या विज्ञानाची छापील पानं सोबत आणली होती. ती वाचू लागली. सजीवांचे वर्गीकरण, पृष्ठवंशीय, अपृष्ठवंशीय. दगडांतून पाली आल्या. एक, मग दोन, मग सगळ्याच, चौकटीकडे, तिच्या कोपराकडे. वरून फळी सरकली, सावली पडली, गार झोत आला, आणि पाली पाणी सांडावं तशा फटींत विरल्या.

“पुन्हा,” ओंकार म्हणाला.

पुन्हा वाचलं. पुन्हा आल्या. पुन्हा सावली. प्रत्येक वेळी त्या आपल्याला माफ करताहेत असं तिला वाटत राहिलं, आणि त्याचाच तिला संताप आला. काही वेळाने त्या अर्धवट येऊ लागल्या, दगडाच्या कडेवर थांबू लागल्या.

“शिकल्या का?”

“नाही. तुझा आवाज पुस्तकी झालाय. आता तू बाईंसारखी वाटत नाहीस, म्हणून थांबल्यात. अशाने त्या फक्त हा आवाज शिकतील. मृण्मयी, पानं ठेव बाजूला.”

“मग काय बोलू?”

“ते मी कसं सांगू?”

मृण्मयीने पानं खाली ठेवली. खोलीत पंख्याची घरघर होती. तिने दोन्ही कोपरं चौकटीवर टेकवली. सागाचं लाकूड गार होतं.

“आई,” ती म्हणाली आणि थांबली. मग एकदम चिडून म्हणाली, “आई, दारावर पाटी तू लावलीस. सगळ्यांना गप्प बसवलंस. मलासुद्धा. आणि स्वतः आत जाऊन तासभर बोलत बसायचीस!”

पाली आल्या. सगळ्या. डोळे बारीक करून उजेडात आल्या. सावली सरकली, झोत आला. गेल्या.

“भाजी महाग झाली ते त्यांना सांगायचीस. प्राचार्यांनी काय अपमान केला ते त्यांना. बाबांचं पत्र आलं तेही त्यांना आधी. मला दारातून कळलं, आई.”

या वेळी कमी आल्या. पुढची एक अर्ध्या वाटेत थांबली, एक पाय उचललेला. सावली आली तशी ती सगळ्यांच्या आधी पळाली.

“मी दाराबाहेर बसून गृहपाठ करायचे. तू म्हणायचीस, पोरगी पंख्यासाठी बसते तिथे. तिथे पंखा नव्हता. दिवाणखान्यात होता. तू एकदाही वर बघितलं नाहीस.” तिचा आवाज चढला होता आणि लाकडातून तिचा तिलाच हातात जाणवत होता. “तू आत ज्या आवाजात बोलायचीस, तो घरात नसायचा. घरात तू दमलेली असायचीस. म्हणून मी भिंतीला पाठ लावून बसायचे. पाठीला कळायचं. शब्द नाही कळायचे कधीकधी, नुसतं बोलणं कळायचं. जेवायला ये म्हणून तू मला हाक मारायचीस ना, तेव्हा मी मुद्दाम उशिरा यायचे, आधीच तिथे होते हे तुला कळू नये म्हणून.”

दोन पाली फटीच्या तोंडाशी आल्या. त्यांनी बाहेर पाहिलं. सावली पडायच्या आधीच त्या मागे सरल्या.

ओंकारने फळी सरकवली नाही. दगड दगडासारखे कोरडे, उन्हात पडल्यासारखे पडून होते, आणि त्यांच्यावर काही हलत नव्हतं.

“झालं,” कर्ण्यातून ओंकार म्हणाला. “मृण्मयी, झालं. एकही येत नाहीय. थांबलीस तरी चालेल.”

ती थांबली नाही. रिकाम्या दगडांकडे पाहत, कोपरं तशीच टेकवून, वैताग संपलेल्या आवाजात ती मोठ्याने म्हणाली, “मला तू हवी होतीस, आई. यांच्यापेक्षा जास्त नाही गो. यांच्याइतकीच.”